शब्दांत मांडलेलें सर्किट

पुणें-सोलापूर रस्त्यावर इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकर हें गांव लागतें. आज तेथें औद्योगिक वसाहत आहे. अशा गांवांतील एखाद्या विद्यार्थ्याच्या मनांत लहानसें सर्किट जुळवावयाचें आलें, तर सुट्या भागांची मोठी बाजारपेठ म्हणजे पुण्याची बुधवार पेठ, आणि ती शंभर किलोमीटरांहून दूर! एक भाग जळाला कीं पुन्हा तोच प्रवास, नाहीं तर पार्सलाची वाट पाहणें. हा खर्च बऱ्याच अंशीं वांचविणारें साधन संगणकावर विनामूल्य मिळतें. आज त्याचीच ओळख करून द्यावयाची आहे.

'स्पाइस' हा प्रोग्राम अमेरिकेंत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत लॉरेन्स नेगेल यांनीं प्राध्यापक डोनाल्ड पेडर्सन यांच्या मार्गदर्शनाखालीं रचला व १९७३ सालीं तो जगापुढें आला. तो सर्वांना मोकळेपणानें मिळावा असा पेडर्सन यांचा आग्रह होता. त्याच्याच वंशांतील 'एन्‌जीस्पाइस' आज कोणालाही घेतां येतो. मुंबईच्या आय्. आय्. टी.मधील 'फॉसी' प्रकल्पानें तयार केलेल्या 'ई-सिम'मध्येंही पडद्याआड गणित करणारा तोच. ई-सिममध्यें सर्किटाचें चित्र काढतां येतें, ही मोठीच सोय आहे. तरी नवशिक्यानें पहिले आठ दिवस चित्राच्या वाटेस जाऊं नये असें मला वाटतें. हातानें लिहिलेल्या ओळींत कोणती तार कोठें गेली, हें झांकून राहत नाहीं.

९ व्होल्टांची बॅटरी, तिच्यापुढें १० हजार ओहमांचा रेझिस्टर आणि त्यापुढें १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. प्रत्येक सांध्यास आंकडा द्यावयाचा: बॅटरीचें ऋण टोक ०, धन टोक १, रेझिस्टर व कपॅसिटर यांचा सांधा २. कपॅसिटरचें दुसरें टोक ० ला परत येतें. शून्य म्हणजे जमिनीचा सांधा. तो नसला तर हिशेब धड होत नाहीं.

आतां साध्या मजकुराची फाईल उघडा. पहिल्या ओळींत केवळ नांव घाला. प्रोग्राम ती ओळ मथळा म्हणूनच घेतो. तेथें बॅटरी लिहिली, तर बॅटरी गुप्त होते! पुढील ओळी अशा वाचावयाच्या: 'व्ही१ १ ० ९', 'आर१ १ २ १०के', 'सी१ २ ० १००यू'. अर्थात् फाईलींत अक्षरें व आंकडे रोमनच हवेत. आधीं भागाचें नांव, मग त्याचे दोन सांधे, मग किंमत. नंतर टिंब देऊन 'ट्रान १०एम ५ यूआयसी', म्हणजे ५ सेकंदांचा हिशेब. त्यापुढें टिंब देऊन 'प्रिंट ट्रान व्ही', व लागलीच कंसांत २. शेवटीं टिंब देऊन 'एन्ड'.

'यूआयसी' हा शब्द गाळल्यास मोठी गंमत होते. बॅटरी अनादि काळापासून जोडलेली आहे असें प्रोग्राम धरतो. कपॅसिटर आधींच भरलेला निघतो आणि सर्वत्र ९ व्होल्टच दिसतात. तो शब्द असला म्हणजे कपॅसिटर रिकामा धरला जातो. रोध व धारकता यांचा गुणाकार येथें १ सेकंद. त्या क्षणीं सुमारें ५.७ व्होल्ट आणि ५ सेकंदांनीं सुमारें ८.९ व्होल्ट दिसले पाहिजेत. ही दोन उत्तरें कागदावर आधीं काढून ठेवावीं, म्हणजे प्रोग्रामचीही परीक्षा होते.

एका अक्षरानें पुष्कळ फसगत होते. 'एम', मग तें लहान असो वा मोठें, हजारावा भाग दाखवितें. दहा लाखांसाठीं 'मेग' लिहावें लागतें. दहा लाख ओहमांऐवजीं एक हजारांश ओहम पडला, तर ९ व्होल्टांवर हजारों अँपियरांचा प्रवाह उत्तरांत येतो आणि धूर मात्र कोठेंच दिसत नाहीं. म्हणून प्रत्येक रेझिस्टरमध्यें किती वॅट खर्च होतात, हें आपणच पडताळावें. शिवाय बाजारांतील साध्या कपॅसिटरची किंमत छापील आंकड्याहून शेंकडा २० नें कमीअधिक असूं शकते. तेव्हां 'सी१'च्या ओळींत एकदां ८०यू व एकदां १२०यू घालून पाहावें; दोन्ही वेळां सर्किट चालत असेल, तरच बुधवार पेठेची यादी करावी.