महागड्या तारेने आवाज गोड होतो का?

आमच्या विंचूरला देवळात हरिनाम सप्ताह बसतो. गेल्या सप्ताहाच्या आधी भजनी मंडळाने नवा ध्वनिवर्धक संच घ्यायचे ठरवले. जुन्या संचातून बुवांचे कीर्तन कमी आणि खरखर जास्त ऐकू येई. उन्हाळ कांद्याला त्या दिवसांत भाव बरा होता, म्हणून वर्गणीही भराभर जमली. एरवी पन्नास रुपये देताना कां-कूं करणाऱ्यांनी पाचशे काढून दिले. पैसे जमल्यावर मंडळी माझ्या दारात. "सर, तुम्ही कॉलेजात शिकवता, तुम्ही संगती चला. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

आता मी शिकवतो अर्थशास्त्र. पण गावात प्राध्यापक म्हटला की त्याला सगळेच कळते असा लोकांचा समज असतो, आणि खरे सांगायचे तर तो समज मोडावा असे प्राध्यापकालाही फारसे वाटत नाही. गेलो.

नाशिकला एका दुकानात अँप्लिफायर, दोन पेट्या, चार कर्णे आणि माईक ही खरेदी तासाभरात उरकली. मग दुकानदाराने आतून एक डबा आणला. त्यात करंगळीएवढ्या जाडीची लाल तार, टोकांना सोनेरी पिना. "साहेब, संच चांगला घेतलात, आता तारेत कंजुषी करू नका. हिचं तांबं प्राणवायूविरहित आहे." आधी साध्या तारेवर एक अभंग ऐकवला, मग या तारेवर. मला दुसऱ्या वेळचा आवाज खरोखरच अधिक मोकळा वाटला. साडेनऊ हजार रुपये किंमत. मंडळाचे अध्यक्ष माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मी मान हलवली.

सप्ताहाच्या पहिल्या रात्री कीर्तन उभे राहिले आणि कर्ण्यांतून घूं घूं सुरू झाले. बुवांनी माईक हातात धरला की कडकड. पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना तर काहीच कळेना. माझ्याकडे पाहून कुणी बोलले नाही, पण न बोललेलेही कानावर येतेच.

दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याला घेऊन देवळात गेलो. त्यांनी दोष शोधता शोधता मला जे समजावून सांगितले, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पेटीकडे जाणाऱ्या तारेचे काम एकच: अँप्लिफायरमधून निघालेला विजेचा प्रवाह पेटीपर्यंत नेऊन सोडणे. मळ्यातल्या पाइपासारखेच म्हणा ना. पाइप अरुंद असला, लांब असला, तर वाटेत पाण्याचा जोर मोडतो. पण पाइप पितळेचा आहे म्हणून विहिरीचे पाणी गोड होत नाही. तारेत प्रवाहाला जो अडथळा होतो तो ओहम या मापाने मोजतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम अडथळा असतो. पेटी दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार वीस मीटर, म्हणजे अडथळा ०.३५ ओहमच्या आसपास. पेटीचा स्वतःचा अडथळा साधारण ८ ओहम. त्यापुढे हा चार-साडेचार टक्के. आवाजात पडणारा फरक बहुतेकांच्या कानाला कळतही नाही. तोही नको असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची साधी लवचीक तार घ्यावी, म्हणजे अडथळा ०.१४ ओहमवर येतो. ही तार कोणत्याही विजेच्या दुकानात मीटरवर मिळते. लाल तारेने आमच्या तीन मीटरच्या अंतरात याहून जास्त काय केले असेल, हे गणित मी नंतर कागदावर मांडले आणि तो कागद कुणाला दाखवला नाही.

मग ते प्राणवायूविरहित तांबे? यामागे एक जुनी आणि खरी गोष्ट आहे. समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा टाकण्याचे काम सुरू झाले तेव्हा, १८५७च्या सुमारास, विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाला (पुढे ते लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले) असे आढळले की निरनिराळ्या कारखान्यांचे तांबे दिसायला एकसारखे असले तरी वीज वाहून नेण्यात त्यांच्यात फार तफावत असते. मैलोगणती समुद्राखालून संदेश न्यायचा तर हे चालणार कसे? तेव्हापासून तांबे पारखून घेण्याची शिस्त आली. १८७०मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनकडे तार टाकली, ती या धड्यानंतरची. पुढे १९१३मध्ये विजेच्या तांब्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणच ठरले. तेव्हा शुद्धतेचा प्रश्न खरा होता, पण तो शंभर वर्षांपूर्वी सुटला. आज घरात दिवे लावायला वापरतात ते तांबेसुद्धा, चांगल्या कारखान्याचे असेल तर, ९९.९ टक्के शुद्ध असते. प्राणवायूविरहित तांबे त्याहून वीज वाहून नेण्यात फार तर एखादा टक्का सरस. त्याचे खरे उपयोग आहेत, पण ते कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत, देवळाच्या पेटीत नव्हेत.

चांदीचेही तसेच. चांदी तांब्यापेक्षा सुमारे सहा टक्के चांगली वाहक आहे. तेव्हा तांब्याची तार सहा टक्के अधिक जाड घेतली की चांदीचा फायदा पदरात पडला, आणि सराफाकडे जावे लागले नाही.

सोन्याच्या पिनेबद्दल मात्र थोडे वेगळे बोलले पाहिजे. घरातला तांब्याचा हंडा चिंचेने घासला नाही तर काळा पडतो. सोने काळे पडत नाही. दमट हवेत, वर्षानुवर्षे न हलवलेल्या जोडणीत, सोन्याचा पातळ मुलामा उपयोगी पडतो. त्याने आवाज सुधारत नाही, पण बिघडण्याचे एक कारण टळते. साध्या पिनेला तेच काम वर्षातून दोनदा काढून, पुसून, परत घट्ट बसवल्याने होते. सप्ताहाच्या आदल्या दिवशी हे करायला कुणाला वेळ असतो, हा भाग वेगळा!

इथवर वाचून कुणाला वाटेल की तार कोणतीही चालते. तसे मुळीच नाही. आमची सगळी फजिती तारांनीच केली होती, फक्त त्या तारा वेगळ्या होत्या. लाल तारेच्या डौलात आम्ही त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते.

पहिली माईकची. ती आम्हाला दुकानातून फुकट मिळालेली. माईकमधून निघणारी वीज असते काही हजारांश व्होल्टची. शेजारून दिव्यांच्या माळेची तार जात असेल तर तिच्यात २३० व्होल्ट. त्या गर्जनेपुढे ही कुजबुज. आमच्या मुलांनी दोन्ही तारा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून वीस मीटरभर एकत्र बांधून टाकल्या होत्या! शिवाय माईकच्या तारेचे जाळीचे आवरण पिनेपाशी तुटलेले; कडकड तिथली. सहकाऱ्यांनी तीन दांड्यांच्या पिनेची तार आणवली. हिच्यात आवरणाच्या आत दोन तारा असतात आणि अँप्लिफायर त्या दोहोंतला फरक तेवढा उचलतो. बैलगाडीत दोघे शेजारी बसले आणि चाक खड्ड्यात गेले, तर दोघे सारखेच उसळतात, त्यांच्यातले अंतर बदलत नाही. बाहेरून आलेली घूं घूं दोन्ही तारांना सारखीच हिसका देते आणि फरकात ती नाहीशी होते. ही वीस मीटर तार, पिना आणि सोल्डरिंगची मजुरी मिळून नऊशे रुपये झाले. दिव्यांची तार दूर नेली, आणि जिथे ओलांडणे भाग होते तिथे आडवी ओलांडली.

दुसरी कर्ण्यांची. एक कर्णा पारापलीकडे, शंभर मीटरवर. जाऊन-येऊन दोनशे मीटर तार, अडथळा साडेतीन ओहम. आठ ओहमच्या कर्ण्याला अशी तार जोडली की जवळजवळ तीस टक्के शक्ती तारेतच जिरते. आणि आमची तार तर एक चौरस मिलिमीटरपेक्षाही बारीक होती. यावर उपाय महाग तार नव्हे. बहुतेक मोठ्या अँप्लिफायरच्या मागे '१०० व्होल्ट' अशी एक जोडणी असते. कर्ण्याजवळ एक लहानसा ट्रान्सफॉर्मर लावायचा (दुकानात लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर म्हणून मागावा) आणि तार या जोडणीला लावायची. मग तीस वॉटच्या कर्ण्याचा अडथळा तारेच्या बाजूने ३३३ ओहम दिसतो. त्यापुढे साडेतीन ओहम म्हणजे एक टक्का! शेतांवरून उंच मनोऱ्यांच्या तारा जातात, त्यांतून वीज एवढ्या प्रचंड व्होल्टने का नेतात, असे मुले वर्गात विचारतात. उत्तर हेच. दाब वाढवला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो आणि वाटेतली गळती घटते. मात्र १०० व्होल्टच्या उघड्या टोकाला हात लावू नये, झटका बसतो.

आणि एक सावधगिरी. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशी तार मिळते. दिसायला तांबेच. अॅल्युमिनियमचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त. ब्लेडने खरवडून पाहावे, पांढरे दिसले तर परत करावे. वजनालाही ती हलकी लागते. स्वस्त म्हणून घेतलेली ही तार आणि भपक्याची लाल तार, दोन्ही ठिकाणी फसवणूक होते ती डोळ्यांची.

पण मग दुकानात मला आवाज मोकळा वाटला तो कसा? या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. सप्ताह संपल्यावर आम्ही देवळातच एक परीक्षा घेतली. पेटीपुढे सतरंजीचा पडदा. पडद्यामागे एक विद्यार्थी. नाणे उडवायचे, छापा आला तर लाल तार, काटा आला तर अडीच चौरस मिलिमीटरची साधी. आवाजाची कळ कुणी हलवायची नाही, कारण तोच आवाज किंचित मोठा झाला तरी कानाला तो अधिक चांगला वाटतो. दुकानात तसे झाले असेल का, देव जाणे. दहा फेऱ्या केल्या. आमचे पेटीवादक, ज्यांना तंबोऱ्याची तार केसभर उतरलेली कळते, त्यांची दहांपैकी सहा उत्तरे बरोबर आली. तबलजींची चार. माझी पाच. डोळे मिटून नुसते 'लाल, साधी' म्हटले असते तरी सरासरी पाच येतातच. दहाच्या दहा बरोबर येण्याचा योग नुसत्या नशिबाने १,०२४ वेळांत एकदा येतो, नऊ किंवा अधिक येण्याचा ११ वेळा. तेवढी उत्तरे कुणी देता तर फरक आहे असे आम्ही मानले असते. शिक्षकांनी ही परीक्षा वर्गात जरूर घ्यावी. संभाव्यतेचा धडा मुले विसरणार नाहीत.

परदेशातही हा वाद जुना आहे. जेम्स रँडी या जादूगारांनी २००७ साली ७,२५० डॉलरच्या तारांच्या एका जोडीबद्दल जाहीर केले की साध्या चांगल्या तारेपासून ती कानाने ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर न्या. बोलाचाली पुष्कळ झाल्या, परीक्षा काही झाली नाही. शिवाय हेही ध्यानात घ्या की जे गाणे आपण ऐकतो ते मुद्रित होताना स्टुडिओतल्या कितीतरी मीटर साध्या, मजबूत तारांतून आलेले असते. शेवटच्या तीन मीटरने त्याचे सोने कसे व्हावे?

शाळांच्या डिजिटल वर्गांसाठी एक शब्द. संगणकापासून पडद्यापर्यंत जी एचडीएमआय तार जाते तिच्यातून चित्र आकड्यांच्या रूपाने जाते. आकडे पोचले तर चित्र पूर्ण उमटते; नाही पोचले तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. महाग तारेने रंग अधिक गडद होत नाहीत. दोन-तीन मीटरला साधी तार पुरते. दहा-पंधरा मीटर न्यायची असेल तर मात्र दर्जा पाहावा आणि आधी लावून बघून मगच पैसे द्यावेत.

आमच्या सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री पारावर कीर्तन स्वच्छ ऐकू आले. एक आजोबा मला म्हणाले, "सर, तुमची ती लाल वायर लई भारी निघाली बघा!" खरे काय ते मी सांगू लागलो, तोवर टाळ वाजायला लागले. पुढच्या बैठकीत अध्यक्षांना मात्र सगळा हिशेब सांगितला. कापलेली तार दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे ती अजून देवळात आहे आणि काम चोख करते. साडेनऊ हजारांतले निम्मे मी माझ्या पगारातून मंडळाला भरले. त्यातून पावसाळ्याआधी कर्ण्यांना पत्र्याच्या टोप्या केल्या.