चार गुंठ्यांची बाग

जालन्यातल्या आमच्या कॉलनीची बाग चार गुंठ्यांची आहे. त्यातला एक कोपरा मारुतीच्या देवळाला गेला, एक बोअरला. गणपतीचे दहा दिवस मधल्या जागेत मंडप पडतो. एरवी ती पोरांची आणि म्हाताऱ्यांची. एक एकराचं ले-आउट पाडलं तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. 2020 च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीतही 4,000 चौरस मीटरपासून ही अट आहे. आमचे चार गुंठे त्या हिशेबातले. इथे या जागेला सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतात आणि ओपन स्पेस दिसली की कोणाला तरी तिथे सभागृह सुचतं, कोणाला पार्किंग. अशा लोकांना मी बंगळूरूचा खटला सांगतो. तिथे उद्यानासाठी राखलेली जागा खासगी दवाखान्याला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. दवाखान्यासारखं पुण्याचं काम असूनही उद्यानाची जागा देता आली नाही, तिथे पार्किंगचं काय घेऊन बसलात!

मी सळईच्या कारखान्यात फिटर होतो. रोलिंग मिलमध्ये उभा जन्म बेअरिंगचा आवाज ऐकण्यात गेला, त्यामुळे रिटायर झाल्यावर बागेतल्या ओपन जिमची देखभाल आपोआपच माझ्याकडे आली. ‘काका, ह्याला जरा तेल पाजा की,’ असं भजनी मंडळातल्या मावशींनी एकदा म्हटलं, तेव्हापासून ग्रीसचा डबा घरी असतो.

ही यंत्रं आली कुठून, हे मला बरेच जण विचारतात. चीनमध्ये 1995 साली सरकारने जनतेच्या तंदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि वस्त्यावस्त्यांत अशी उघड्यावरची यंत्रं बसवली. त्यात खेळांच्या लॉटरीचा पैसा होता. पुढे ती जगभर पसरली. युक्ती साधी आहे. लेग प्रेसवर बसून पायांनी रेटा दिला की तुम्ही स्वतःचंच वजन उचलता. लोखंडी चकत्या नाहीत, म्हणजे वाढवायला काही नाही आणि चोरायलाही काही नाही. तरुण पोरांना त्यात दम वाटत नाही, ते खऱ्या जिमला जातात. पण साठीच्या माणसाला गुडघे, खांदे हलते ठेवायला एवढं पुरतं.

सगळ्यात जास्त वापर एअर वॉकरचा. वर आडवा दांडा, त्याला दोन पाय लटकवलेले, खाली पावलं ठेवायच्या पट्ट्या. चालल्यासारखं करायचं, जमिनीला पाय लागत नाही, गुडघ्याला हिसका बसत नाही. अंगाचा सगळा भार मात्र वरच्या दोन सांध्यांवर येतो. आमच्या यंत्रात तिथे बेअरिंगच नव्हतं. बनवणाऱ्याने लोखंडात लोखंड फिरवलं होतं, वरून चकचकीत रंग. पहिल्या पावसाळ्यात पाणी आत गेलं, उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ गेली, आणि दांडा झिजून पाय डुगडुगायला लागला. मी तिथे 6205 नंबरचं, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं बेअरिंग बसवलं. हा नंबर वाचायला सोपा आहे: शेवटच्या 05 ला पाचाने गुणा, 25 मिलिमीटरचा दांडा त्यात बसतो. बाजारात कुठेही मिळतं. नवीन यंत्र घेताना रंग बघू नका, बेअरिंगचा नंबर विचारा. विकणाऱ्याला सांगता आला नाही तर समजा, आत बेअरिंग नाही.

यंत्र आधी आवाजातून सांगतं. कुईकुई वाजलं तर ग्रीस संपलंय, भरलं की गप्प. खरखर आली की आत कचरा गेला किंवा गोळी फुटली; तेव्हा ग्रीस चोपडून उपयोग नाही, यंत्राला दोरी बांधून बंद ठेवायचं. दोरी सोडून त्यावर चढणारे निघतातच, त्याला इलाज सापडलेला नाही.

पोरांच्या बाजूला झोके, सी-सॉ, घसरगुंडी आणि लोखंडी पाइपांचं जंगल जिम. या जंगल जिमचं पेटंट 1920 च्या सुमारास अमेरिकेतल्या सेबॅस्टियन हिंटन या वकिलाने घेतलं. त्याचे वडील गणिती. त्यांनी जपानात असताना मुलांना भूमितीचं त्रिमित ज्ञान व्हावं म्हणून बांबूचा सांगाडा उभारला होता. आमची पोरं त्यावर उलटी लटकतात, भूमितीचं काही विचारू नका.

घसरगुंडीचं दुखणं वेगळं. पत्र्याची घसरगुंडी मे महिन्यात दुपारनंतरही चटका देते. पुस्तकी सल्ला म्हणजे तोंड उत्तरेला करा. जालन्यात तो उन्हाळ्यात कामाचा नाही. वीस मेच्या आसपास भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. नंतर दोन महिने तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. पोरं खेळतात पाच वाजता, ऊन येतं पश्चिमेकडून. म्हणून पश्चिमेला कडुनिंब. आमचा आता पत्र्यावर सावली धरतो. झोक्याखाली पेव्हर ब्लॉक घालायचा ठराव आला होता, तो मी भांडून हाणून पाडला. पडलेल्या पोराला फूटभर मोकळी वाळू सांभाळते, ब्लॉक डोकं फोडतो. दिसायला ब्लॉक नीटनेटका, हे मान्य.

कडुनिंबाची गोष्ट निघाली तर पाण्याचीही काढावी लागते. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने इथे मोती तलाव बांधला, जमिनीखालून नळ नेऊन गावाला पाणी दिलं. त्याच तलावाकाठच्या मोतीबागेत आजही जालनेकर रविवारी पोरं घेऊन जातात. पण 2012-13 च्या दुष्काळात शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा जलाशय आटला, शहर टँकरवर आलं, तेव्हा बागेला पाणी मागायची कोणाची प्राज्ञा नव्हती. आमचं लॉन त्याच साली मेलं. परत लावायचा आग्रह दर पावसाळ्यात होतो आणि मी दर पावसाळ्यात विरोध करतो. कडुनिंब, करंज, चिंच यांना पहिली दोन-तीन वर्षं जपलं की पुढे ती आपली आपण बघतात. लॉनला रोज बादल्या लागतात.

पैशाचा हिशेब विचित्र आहे. केंद्राच्या 2015 च्या ‘अमृत’ योजनेत जालना होतं, त्या योजनेत हिरव्या जागा आणि बागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत तरतूद. नव्या यंत्राला योजना असते, नारळ फुटतो, फोटो निघतो. बेअरिंगला योजना नसते. आम्ही गणपतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढतो. ग्रीस, रंग, दोन बेअरिंग आणि झोक्याची साखळी त्यात भागते. वेल्डिंगला माझा जुना सोबती येतो, चहावर. यंदा सी-सॉच्या मधल्या पिनेचा नंबर आहे. ती बाहेर काढायला मोठा पुलर लागणार, तो कुठून आणायचा यावर मारुतीच्या पारावर चर्चा चालू आहे.