आवडतं नाटक दुसऱ्यांदा बघताना : ‘संशयकल्लोळ’ आणि निरीक्षणाची पहिली पायरी

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘हाच विषय का?’ आणि हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘मला आवडतो म्हणून’. या उत्तरात गैर काही नाही, पण समितीला त्याचा उपयोगही नाही. आवड ही आपली गोष्ट झाली, संशोधनाला प्रश्न लागतो. मग आवडीतून प्रश्न काढायचा कसा? नाटक, संगीत, सिनेमा अशा विषयांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं एकच सांगणं असतं : जे आवडतं ते दुसऱ्यांदा बघा आणि दुसऱ्यांदा बघताना काय बदललं ते लिहून काढा.

आज हे ‘संगीत संशयकल्लोळ’च्या उदाहरणाने समजून घेऊ. विनोदी संगीत नाटक म्हटलं की अनेकांच्या तोंडी पहिलं नाव हेच येतं. शिवाय या नाटकात संशोधन-पद्धतीचा एक अख्खा धडा लपलेला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

नाटककार गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६). कथानक मूळचं परदेशी. फ्रान्समध्ये मोलिएरने १६६० साली ‘स्गानारेल’ हे छोटं प्रहसन रंगमंचावर आणलं. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक लिहिलं आणि देवलांनी ते मराठीत आणलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आलेलं हे मराठी रूप गद्य होतं. पदं नंतर आली. आज आपण ओळखतो ते संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं. त्यात गणपतराव बोडस फाल्गुनराव होते आणि बालगंधर्व रेवती. देवलांचं निधनही त्याच वर्षी झालं.

पात्रांची नावं ही देवलांची खास गंमत. पुरुषांना महिन्यांची नावं : फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. बायकांना नक्षत्रांची : कृत्तिका, रेवती, मघा.

गोष्ट थोडक्यात अशी. अश्विनशेठने रेवतीला आपली तसबीर दिलेली आहे. रेवतीला रस्त्यात घेरी येते आणि फाल्गुनराव तिला सावरतो. ते त्याची बायको कृत्तिका बघते आणि तिच्या मनात संशय शिरतो. या गडबडीत रेवतीकडची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघून फाल्गुनराव पेटतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे बघून अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो. एक तसबीर आणि चार डोकी, एवढ्यावर सगळा कल्लोळ.

दुसऱ्यांदा बघताना मजा कमी होते का?

रहस्यनाटक दुसऱ्यांदा बघताना खुनी कोण हे माहीत असतं, त्यामुळे उत्कंठेचा मोठा भाग उडून जातो. ‘संशयकल्लोळ’चं तसं होत नाही. का? कारण इथे प्रेक्षकापासून काहीच लपवलेलं नाही. तसबीर कुणाची, कशी पडली, कुणी उचलली हे आपल्याला पहिल्या वेळीही माहीत असतं. माहीत नसतं ते पात्रांना. आपल्याला माहीत आहे आणि त्यांना नाही, या दोहोंमधल्या अंतरातून हसू येतं. दुसऱ्या वेळी ते अंतर तेवढंच राहतं.

मग बदलतं काय? आपली नजर. पहिल्या वेळी आपण बोलणाऱ्या पात्राकडे बघतो, कारण पुढे काय होणार ते त्याच्या बोलण्यातून कळणार असतं. दुसऱ्या वेळी ती घाई नसते. मग लक्ष ऐकणाऱ्याकडे जातं. फाल्गुनराव तावातावाने बोलत असताना कृत्तिका काय करते? भादव्याला नेमकं किती कळलंय? हशा वाक्यावर येतो, की वाक्यानंतरच्या थांबण्यावर? हे प्रश्न पहिल्या वेळी सहसा पडत नाहीत. संशोधकाचं काम इथूनच सुरू होतं.

फाल्गुनरावाची चूक : निरीक्षण आणि अनुमान

आता मुख्य मुद्दा. फाल्गुनरावाने डोळ्यांनी काय बघितलं? ‘कृत्तिकेच्या हातात एका पुरुषाची तसबीर आहे.’ हे निरीक्षण झालं आणि ते शंभर टक्के खरं आहे. मनात त्याने काय लिहिलं? ‘कृत्तिकेचं या पुरुषावर प्रेम आहे.’ हे अनुमान. दोहोंच्या मधली पायरी, म्हणजे ‘ही तसबीर हिच्याकडे आली कुठून?’, ही त्याने गाळली.

या नाटकात खोटा पुरावा कुणीच तयार करत नाही, हे ध्यानात घ्या. प्रत्येकाने बघितलेलं खरंच असतं. कृत्तिकेने नवऱ्याला एका तरुणीला सावरताना बघितलं, तेही खरं. चुकतो तो अर्थ. आणि अर्थ एकदा मनात बसला की पुढची प्रत्येक गोष्ट त्यालाच पुरावा वाटू लागते. कुणी गप्प बसलं तर ‘बघा, उत्तर नाही’, बोललं तर ‘बघा, सारवासारव’. ज्या गृहीतकाला कुठलीच घटना खोटं पाडू शकत नाही, ते गृहीतक संशोधनात निकामी असतं. फाल्गुनरावाचं गृहीतक नेमकं तसलं आहे.

मोलिएरच्या मूळ प्रहसनात हा गुंता एक दासी सोडवते. ती सगळ्यांना समोर उभं करते आणि एकेकाला क्रमाने विचारते. बस्स, एवढंच. प्रत्येकाचं विधान वेगळं नोंदवायचं आणि मग ती शेजारी-शेजारी ठेवायची. मुलाखतीचा डेटा आपण तरी दुसरं काय करतो?

दुसऱ्या प्रयोगाला जाताना काय करायचं?

१. *जाण्याआधी आठवण लिहा.* पहिल्या वेळचं काय काय आठवतं ते एका पानावर उतरवा, संहिता न उघडता. प्रयोगानंतर लिहिलं तर नवी आठवण जुनीवर चढते आणि तुलना हातची जाते.

२. *एकच गोष्ट धरा.* ‘सगळं बघेन’ म्हणणाऱ्याला काहीच दिसत नाही. या नाटकात तसबीर धरा. तीन रकाने करा : तसबीर कुणाच्या हातात, ती कुणी बघितली, बघणाऱ्याने काय अर्थ काढला. पहिले दोन रकाने निरीक्षणाचे, तिसरा पात्राच्या अनुमानाचा. तुमचं स्वतःचं मत चौथ्या रकान्यात, वेगळ्या शाईने.

३. *अंधारात मोबाईल पेटवू नका.* छोटी वही, जाड पेन, मोठी अक्षरं. बाकीचं मध्यंतरात आणि घरी गेल्यावर त्याच रात्री. परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

४. *‘हे नाटक’ आणि ‘हा प्रयोग’ वेगळे ठेवा.* छापील संहिता एक, पण प्रयोग अनेक. एखादं पद गाळलं जातं, एखादा प्रवेश आटोपता घेतला जातो. रविवारच्या भरलेल्या नाट्यगृहात ज्या वाक्याला हशा येतो, ते अर्ध्या रिकाम्या नाट्यगृहात कोरडं जाऊ शकतं. दोन प्रयोग बघून ‘या नाटकात असं होतं’ लिहू नका. ‘बघितलेल्या दोन प्रयोगांत असं झालं’ लिहा.

या शेवटच्या मुद्द्याला संगीत नाटकाने एक सुंदर सोय करून ठेवली आहे. वन्समोअर! तेच पद, तोच गायक, तोच प्रेक्षक आणि मधे जेमतेम काही क्षण. दुसऱ्या वेळी गायकाने काय बदललं? आलाप वाढवला? एखादा शब्द वेगळा तोलला? तुलनेसाठी इतकी नेटकी परिस्थिती प्रयोगशाळेबाहेर क्वचितच मिळते.

आवडीतून प्रश्न : एक नमुना

पहिली पायरी : ‘मला संशयकल्लोळ आवडतं.’ ही आवड.

दुसरी पायरी : ‘संशयकल्लोळमधील विनोद : एक अभ्यास.’ हा विषय झाला, प्रश्न अजून नाही. यात काय शोधणार हे गाईडलाही कळत नाही आणि तुम्हालाही.

तिसरी पायरी : ‘पदं सुरू झाली की गोंधळाची कथा थांबते, की पुढे सरकते?’ हा प्रश्न. याचं उत्तर ‘थांबते’ असंही येऊ शकतं आणि ‘सरकते’ असंही, म्हणजे तुमचं म्हणणं खोटं ठरायची वाट मोकळी आहे. शिवाय हे नाटक आधी गद्य होतं. त्यामुळे पदांनी काय घातलं आणि काय हलवलं, याची तुलना करायला जागा आहे.

दुसऱ्या बघण्यातून आणखी एक प्रश्न हाती लागतो, जरा अवघड. रेवती नायकिणीची मुलगी आहे आणि तिला लग्न करून संसार थाटायचा आहे. संशय चौघांच्याही डोक्यात आहे, पण किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागते का? फाल्गुनरावाच्या घरात भांडण होतं. रेवतीचं अख्खं भविष्य पणाला लागतं आणि अश्विनशेठचा विश्वास एका तसबिरीने डळमळतो. पहिल्या वेळी आपण हसत पुढे जातो. दुसऱ्या वेळी हसू येतंच, पण त्याच वेळी ‘हिच्यावर संशय घेणं इतकं सोपं का?’ असंही वाटून जातं. विनोद कुणाच्या जोखमीवर उभा आहे, हा प्रश्न इतर अनेक नाटकांनाही विचारता येईल.

चिरफाड केली की आवड मरते?

ही भीती बऱ्याच जणांना असते आणि ती खोटी नाही. त्याच संहितेवर चार-पाच वर्षं घालवायची म्हणजे कंटाळ्याचे महिने येणारच. म्हणूनच सिनॉप्सिस लिहिण्याआधी दुसरं बघणं महत्त्वाचं. सगळं माहीत असूनही, हातात वही असूनही तुम्हाला हसू आलं आणि वर दोन नवे प्रश्न पडले, तर विषय तुम्हाला पुरेल. नुसतं ‘पहिल्यांदा जास्त मजा आली होती’ एवढंच वाटलं, तर प्रेक्षक म्हणून ते नाटक जपून ठेवा आणि प्रबंधासाठी दुसरं काही शोधा. हे नोंदणीआधी कळलेलं बरं.

या महिन्यात एवढं करून बघा. आवडतं एक नाटक निवडा, आठवणीचं पान लिहा, एकच वस्तू किंवा एकच पात्र धरून ते पुन्हा बघा. मग दोन ओळींत लिहा : मी काय बघितलं आणि त्यावरून मी काय ठरवलं. या दोन ओळींमधली गाळलेली पायरी सापडली, की तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच असेल.