रिॲलिटी शो खरंच 'स्क्रिप्टेड' असतात का?

सोलापुरात सात रस्त्यावर चहा घेताना 'बिग बॉस मराठी'चा विषय निघाला, की 'सगळं स्क्रिप्टेड असतं' हे वाक्य ठरलेलंच. पण खरं काय? २०१५ साली आलेल्या 'अनरिअल' या अमेरिकन मालिकेत याचं उत्तर सापडतं. ती घडवणाऱ्यांपैकी सारा गर्ट्रूड शापिरो यांनी आधी 'द बॅचलर' या रिॲलिटी शोसाठी काम केलं होतं. मालिकेतले निर्माते स्पर्धकांना पाठ केलेले संवाद देत नाहीत. ते त्यांना एकटं गाठून डिवचतात, रडवतात आणि संकलनात कुणाला खलनायिका करायचं ते ठरवतात.

'बिग बॉस'च्या घरातही कॅमेरे २४ तास चालू असतात, टीव्हीवर मात्र निवडक भागच येतो. प्रेक्षक मत देतात ते बहुतेकदा त्यावरूनच. म्हणून एखाद्या स्पर्धकावर चिडण्याआधी एवढंच विचारा: भांडणाच्या आधीचं काय कापलं गेलं असेल?