दोन पाट्या

कावेरीकाठचे कुंभकोणम् मराठी माणसाला परके नाही. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली तेथेच जन्मले. त्याच गावी गणिती श्रीनिवास रामानुजन् लहानाचे मोठे झाले. त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न मनात येतो. शाळा किंवा कचेरी माणसाला आपली केव्हा वाटू लागते?

१९०४ साली टाऊन हायस्कूलमध्ये गणिताचे बक्षीस मिळवून रामानुजन् तेथल्याच सरकारी महाविद्यालयात गेले. शिष्यवृत्तीही मिळाली. पण गणितापुढे इतर विषय सुचेनात. परीक्षेत अपयश आले, शिष्यवृत्ती गेली आणि १९०५ साली हा मुलगा घरी न सांगता विशाखापट्टणकडे निघून गेला. शिष्यवृत्तीने फीचा प्रश्न सुटतो. सोबतीचा सुटतोच असे नाही.

१ मार्च १९१२ रोजी ते मद्रास बंदराच्या कचेरीत दरमहा तीस रुपयांवर कारकून झाले. काम रुक्ष होते. परंतु तेथले वरिष्ठ हिशेबनीस नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. कचेरी सुटल्यावर दोघे आपापली पाटी मांडीवर घेऊन रात्री उशिरापर्यंत बसत. रामानुजन् मधल्या पायऱ्या गाळून एकदम उत्तरावर उडी घेत. अय्यर त्यांना थांबवीत आणि मला समजेल असे मांडा, असा आग्रह धरीत. वरिष्ठाने आपले न समजणे मोकळेपणी कबूल केले आणि कनिष्ठाने आपला वेग आवरला. सहकार्य म्हणतात ते याहून निराळे काय असते? पुढे जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डींना जे पत्र गेले, ते याच कचेरीतल्या कारकुनाचे.

अय्यर ज्या भारतीय गणित परिषदेत काम करीत, ती १९०७ साली स्थापन झाली. तिचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि तेथून नियतकालिके टपालाने दूरदूरच्या सभासदांकडे जात. आपल्या गावी एकटा पडलेला अध्यापक त्या टपालामुळे एका मोठ्या वर्गात बसल्यासारखा होई.

श्रोतेहो, आपलेपणा स्नेहसंमेलनाच्या एका दिवसाने येत नाही. आपण करतो ते काम कोणी समजून घेऊ पाहते, एवढी खात्री पटली की तो येतो. उद्या वर्गात किंवा कचेरीत एखादा अबोल माणूस दिसला, तर त्याच्याजवळ बसून एवढेच विचारावे: “ही पायरी मला समजली नाही, दाखवता का?”