कुत्र्यास चिनी नांव

गेल्या सत्रांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या घरीं पग जातीचें एक लहानसें पिलूं आलें. ही जात मूळची चीन देशाची, असें आम्हीं सांगतांच, "मग त्याला चिनी नांवच ठेवूं या!" असा सर्वांचा आग्रह पडला. लागलीच चिंग, चांग, चूं अशा ध्वनींचा पाऊस सुरू झाला व हंशा पिकला. आम्हीं विचारिलें, "यांपैकीं एकाचा तरी अर्थ कोणी सांगेल काय?" वर्ग स्तब्ध झाला. दुसऱ्यांची भाषा म्हणजे वेडावून दाखविण्याचे आवाज नव्हेत. तिच्यांतील नांवास अर्थ असतो, स्वर असतो आणि रीत असते. या तिहींविषयीं आम्हीं वर्गांत जें सांगितलें, तेंच येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम अर्थ. आपल्याकडे काळ्या, मोत्या, वाघ्या हीं नांवें जशीं रंगरूपावरून पडतात, तशींच तीं चीनमध्यें पडतात. काळ्या पिलास 'श्याव-हेइ', म्हणजे छोटा काळा. पिवळट थोराड कुत्र्यास 'ता-ह्वांग', म्हणजे मोठा पिवळा. कुत्रें आपण होऊन घरीं आलें तर संपत्ति येते, अशी तेथें जुनी लोकसमजूत आहे. त्यामुळें 'लाय-फू', म्हणजे भाग्य येवो, आणि 'वांग-त्साय', म्हणजे धन वाढो, हीं नांवें फार लोकप्रिय आहेत. शिवाय आपलें कुत्रें जसें 'भों भों' करतें, तसें चिनी कानांस तें 'वांग वांग' असें ऐकूं येतें. वांग-त्साय या नांवांत तोही विनोद साधला आहे.

दुसरी गोष्ट स्वराची. प्रमाण चिनी भाषेंत चार मुख्य स्वर आहेत, आणि स्वर बदलला कीं शब्दच बदलतो. 'थांग' हा उच्चार चढत्या स्वरांत केला तर साखर. तोच उंच व सपाट स्वरांत केला तर सार! लाडक्या पिलास साखर म्हणावयास जावें आणि साराची वाटी पुढें यावी, असा हा प्रकार आहे. याकरितां नांव पक्कें करण्यापूर्वीं तें चिनी जाणणाऱ्याच्या तोंडून ऐकावें.

तिसरी गोष्ट रीतीची. आजोबांचें नांव नातवास ठेवण्यांत आपणांस धन्यता वाटते. चिनी रीत याच्या उलट आहे. वाडवडिलांचें नांव मुलास देणें हा तेथें अनादर समजतात. मग माणसाचें नांव कुत्र्यास देतांना किती जपावें, हें सांगणें नलगे.

चांगल्या नांवाचा एक जुना दाखला आहे. लू ची (इ. स. २६१–३०३) या साहित्यिकाच्या कुत्र्याचें नांव 'ह्वांग-अर', म्हणजे पिवळ्या कानाचा. धनी लोयांग राजधानींत असतां बरेच दिवस घरची वार्ता कळेना. तेव्हां त्यानें पत्र वेळूच्या नळींत घालून कुत्र्याच्या गळ्यांत बांधिलें. कुत्रा दूर दक्षिणेस घरीं गेला आणि उत्तर घेऊन परतला, अशी कथा आहे. नांव साधें, परंतु तें सोळा शतकांहून अधिक काळ टिकलें.

वाईट नांवाचाही एक दाखला ऐका. इ. स. १८६० मध्यें इंग्रज व फ्रेंच सैन्यांनीं पेकिंगजवळचा बादशाही उन्हाळी प्रासाद लुटिला व पुढें इंग्रजांनीं तो जाळिला. तेथील पिकिनीज जातीचें एक कुत्रें १८६१ सालीं व्हिक्टोरिया राणीस नजर करण्यांत आलें. त्याचें नांव काय ठेविलें? 'लूटी'! लूट हा शब्द इंग्रजांनीं आपल्याच देशांतून उचललेला. चीनच्या कुत्र्यास भारतांतला शब्द, आणि तोही चोरीचा! त्या मुक्या जीवानें कांहींही लुटिलें नव्हतें. नांवानें कुत्र्याचें नव्हे, तर नांव ठेवणारांचें वर्णन केलें.

हें ऐकून वर्ग पुन्हां स्तब्ध झाला. कांहीं वेळानें ज्याचें पिलूं होतें तो मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमचें पिलूं पिवळसर आहे, पण त्याचे कान काळे आहेत." ह्वांग-अरच्या धर्तीवर आम्हीं 'हेइ-अर', म्हणजे काळ्या कानाचा, असें नांव सुचविलें. आतां कोणीं विचारिलें तर तो मुलगा नांवाचा अर्थ सांगतो, आणि त्याबरोबर वेळूच्या नळींतील पत्राची गोष्टही सांगतो.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलें परक्या भाषेचा आवाज काढून हंसूं लागलीं, तर रागें न भरतां त्यांस एकच प्रश्न विचारावा: "याचा अर्थ काय?" अर्थ शोधूं लागलें म्हणजे हंसूं आपोआप थांबतें, आणि जे कालपर्यंत परके होते, ते शेजारी वाटूं लागतात.