रेकॉर्डिंगची किल्ली कुणाकडे?

भाऊबीज झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरीकडची कितीतरी कुटुंबं मग रात्रभर मंडपात असतात आणि टीव्हीवरचा सामना हुकतो. रात्रीचं सकाळी पाहता यावं म्हणून रेकॉर्डिंगचं साधन घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी विचारतो, ‘किती जीबीचं आहे?’ माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारायला हवं की रेकॉर्ड झालेलं चित्र उघडण्याची किल्ली कुठे राहते.

एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रं लागतात. ती जशीच्या तशी पाठवायची तर सेकंदाला सुमारे ६२० मेगाबिट माहिती वाहावी लागेल. केबलच्या एका ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून साधारण ३८ मेगाबिटच जातात, आणि त्यातही अनेक वाहिन्या बसवायच्या असतात. म्हणून प्रक्षेपणाआधीच चित्र आवळलं जातं: मागच्या चित्रापेक्षा जे बदललं, मुख्यतः तेवढंच पाठवायचं. वाहिनी ८ मेगाबिटवर आली असं धरलं, तर तासाला ३.६ जीबी होतात. ५०० जीबीच्या डिस्कवर १३८ तास मावतात. जागेची चिंता इथेच संपते.

खरी अडचण कुलपाची आहे. २०११ च्या कायदा दुरुस्तीनंतर केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. गोंदियासारख्या शहरांसाठी मुदत होती डिसेंबर २०१५, खेड्यांसाठी पुढे मार्च २०१७ पर्यंत वाढली. तेव्हापासून वाहिन्या कूटबद्ध होऊन येतात आणि सेट-टॉप बॉक्स त्या उलगडतो. रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स डिस्कवर लिहिताना सहसा पुन्हा स्वतःचं कुलूप लावतो. ती डिस्क संगणकाला जोडली तर काही दिसत नाही. बॉक्स बिघडून बदलला, की जुनी रेकॉर्डिंगही गेली. मुलीच्या गॅदरिंगची बातमी जन्मभर जपायची असेल, तर या डिस्कवर विसंबू नका.

मग बाहेरून वेगळा रेकॉर्डर जोडावा का? एचडीएमआय तारेतल्या चित्रालाही नक्कलरोधक संरक्षण असतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांमधून चित्र मिळतं, पण ५७६ ओळींचं. एचडीसाठी भरलेले पैसे तिथे वाया जातात. स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये मुभा आहे, पण ती मुभा तांत्रिक कुलूप उघडून देत नाही. म्हणून निवड करायची ती बॉक्सची, आणि तोही आपल्याच केबलवाल्याने किंवा डीटीएच कंपनीने दिलेला. एक पाहताना दुसरं रेकॉर्ड करायचं असेल तर त्यात दोन ट्यूनर आहेत का, हे विचारून घ्या.

डिस्क जोडतानाही एक गोष्ट पाहावी. यूएसबी २.० चं तोंड प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर वीज देतं. फिरणाऱ्या हार्डडिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागू शकते. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क बरी. लाइट गेली की चालू रेकॉर्डिंग तुटतं, त्यामुळे लहानसा यूपीएस हा या खर्चाचाच भाग समजावा.

आणि पाऊस. डीटीएचच्या लहरी सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीच्या. मुसळधार पावसातले थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. केबलवाल्याच्या मोठ्या तबकड्या बहुधा सात-आठ सेंटीमीटरच्या लहरी पकडतात, त्यांना पावसाचा त्रास फार कमी. रोवणीच्या दिवसांत शेतातून परतल्यावर पाहायचं म्हणून लावलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सरीच्या वेळचा भाग कोरा निघतो, आणि तो नंतर भरून काढता येत नाही. शहरात केबल असेल तर मी तीच घेईन. सालेकशाच्या डोंगराळ भागात जिथे तबकडीशिवाय पर्याय नाही, तिथे मृगाआधी तिची दिशा नीट जुळवून घ्यावी आणि नटबोल्ट आवळून घ्यावेत. कोरड्या दिवशी सिग्नल जितका जोरकस, तितका तो सरीत जास्त वेळ टिकतो.